जुनी डिझेल फोर बाय फोर घेताय? आधी गाडीखाली जा, बोनेट नंतर उघडा

देवगडकडच्या एका भावाने विचारलंय. सड्यावर हापूसची बाग आहे, बागेपर्यंतची वाट जांभ्याची, पाऊस लागला की तिच्यावर शेवाळ धरतं आणि साधी गाडी अर्ध्या चढात चाकं फिरवत बसते. बजेट सहा लाखापर्यंत. समोर दोन गाड्या आहेत, एक मालवणातली २०१४ ची थार सीआरडीई फोर बाय फोर आणि दुसरी कोल्हापूरकडची २०१२ ची स्कॉर्पिओ एमहॉक, तीपण फोर व्हील ड्राइव्ह. दोन्ही दिसायला चकाचक, दोघांचे मालक म्हणतात काहीच काम नाही. तर नक्की काय बघायचं?

मी कुडाळात गेली बरीच वर्षं डिझेल गाड्यांचंच काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर चालवून घ्या कारण सहा लाख म्हणजे बागायतदाराची सीझनची कमाई असते.

सगळ्यात पहिली गोष्ट, आपल्याकडे लोक गाडी बघायला जातात आणि आधी बोनेट उघडायला लावतात, मग स्टार्टर मारून आवाज ऐकतात, एक राउंड मारतात आणि टोकन देऊन येतात. घाटावर हे चालून जाईल पण किनाऱ्यावर नाही चालत. इथे गाडीची खरी किंमत चेसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, ठरवते. इंजिन बोअरला आलं तर उतरवून बांधता येतं, गिअरबॉक्स खराब असेल तर खोलून भरता येतो, पाटे, शॉकअप, बुश सगळं बाजारात मिळतं. चेसी सडली तर काय करणार? चेसीवर जो नंबर ठोकलेला असतो तीच कागदोपत्री तुमची गाडी, तिला ठिगळं लावून किती लावणार, आणि ठिगळाच्या बाजूचा पत्रा पुढच्या दोन पावसाळ्यांत परत जातोच. म्हणून इंजिन कितीही गोड चालत असू दे, चेसी गेलेली गाडी फुकट दिली तरी घेऊ नका असं मी सगळ्यांना सांगतो.

आता चेसी बघायची कशी. जुने कपडे घाला, चांगला टॉर्च, एक छोटी हातोडी आणि एक जाड स्क्रूड्रायव्हर घ्या आणि गाडीखाली आडवे व्हा, शक्य असेल तर सरळ एखाद्या सर्व्हिसिंगवाल्याच्या रॅम्पवर चढवायला लावा. मालकाला आधीच सांगून ठेवा की खालून धुऊ नका, रंग मारू नका. खालून ताजा काळाकुळकुळीत रंग दिसला तर खूश होऊ नका, उलट जास्त वेळ तिथेच घालवा, कारण विकायच्या आधी आठवड्यात मारलेला रंग हा बऱ्याचदा गंजावरच मारलेला असतो. या गाड्यांची चेसी आतून पोकळ, डब्यासारखी असते, आत वाळू आणि चिखल साठतो, पाणी जायची भोकं बुजतात आणि गंज आतून बाहेर येतो, त्यामुळे बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या ठिकाणीच पत्रा पातळ झालेला असतो. हातोडीने हलकेच ठोकत जायचं, चांगल्या ठिकाणी खणखणीत आवाज येतो, सडलेल्या ठिकाणी भद्द येतो, हा फरक ऐकला की लगेच कळतो, त्यासाठी मेकॅनिक असायला लागत नाही.

कुठे ठोकायचं तेपण सांगतो. मागच्या चाकांच्या वर आणि मागे जिथे पाट्यांचे शॅकल (पाट्याचं टोक चेसीला जोडणारी कडी) लटकतात ते ब्रॅकेट, डिझेल टाकीच्या वरचा आडवा मेंबर, टाकीचे पट्टे, जिथे बॉडी रबरांवर बसते ते माउंट, आणि पुढे स्टीअरिंग बॉक्सच्या आसपास. थारला मागे पाटे आहेत, तर शॅकलचा ब्रॅकेट अगदी डोळ्याजवळ नेऊन बघा. गंजाचे पापुद्रे एकावर एक सुटलेले असतात, नखाने ओढले तर बोटभर लांबीची खपली हातात येते, तिच्या खाली लोखंड दिसलं आणि स्क्रूड्रायव्हर जोर लावूनही आत जात नसेल तर तो वरवरचा गंज, घासून रंग मारून जाईल. पण टोक दाबल्यावर आत रुतलं किंवा काळपट भुगा पडायला लागला तर तिथेच विषय संपला, मालकाला नमस्कार करून निघायचं, पुढचं काही बघत बसायचं नाही.

चेसी बघता बघताच ब्रेकचे लोखंडी पाइप हात फिरवून बघा. वर फुगल्यासारखे, खरबरीत लागले तर ते बदलायचे पैसे किमतीतून आधी काढा. आंबोली किंवा करूळ घाटात उतरताना पाइप फुटला तर काय होईल हे वेगळं सांगायला नको, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते कारण हे काम स्वस्त आहे तरी लोक ते पुढे ढकलत राहतात.

मालवणची गाडी आहे म्हणून एक प्रश्न नक्की विचारा, ती उभी कुठे असायची आणि करायची काय. किनाऱ्यालगत उघड्यावर उभी राहिलेली, किंवा होड्या आणि वॉटर स्पोर्ट्सच्या बोटी वाळूत ओढायला वापरलेली गाडी आणि बाजारपेठेत घराखाली शेडमध्ये उभी राहिलेली गाडी यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, किलोमीटर सारखे असले तरी. मालक सांगेल "गाडयेक कायच काम नाय, नुसता डिझेल घाला नि चलवा", तो कदाचित मनापासूनच सांगत असेल कारण त्याने खाली कधी बघितलेलंच नसतं. मॅट उचला, फ्लोअरचे कोपरे बघा, विंडशील्डच्या फ्रेमचा खालचा भाग, दरवाज्यांचे बिजागर, मागचा फाळका. पातळ कापडात गुंडाळलेलं चुंबक पत्र्यावरून फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे खाली पुट्टी भरलेली आहे.

दुसरी मोठी भीती पुराची. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाडला जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे, वाशिष्ठी आणि सावित्रीच्या पाण्यात शेकड्यांनी गाड्या बुडाल्या, आणि बुडालेली गाडी साफसूफ होऊन दुसऱ्या जिल्ह्यात विकली जाऊ शकते. कोल्हापूर-सांगलीकडेही २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा, कृष्णेचा पूर होता, त्यामुळे घाटावरची गाडी म्हणून तुमची स्कॉर्पिओ यातून सुटत नाही. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत बाहेर ओढा, रिळाच्या टोकाला आतला पट्टा मातकट असेल किंवा पाण्याची रेघ दिसली तर समजून जा. सीटखालच्या रेल आणि स्प्रिंग, डॅशबोर्डखालचे स्क्रू, वायरिंगचे कनेक्टर उघडून आतल्या पिना हिरव्या पडल्यात का, हेडलाइटच्या आत गाळाची पुसट लाइन. जुन्या गाडीला अगदी नवीन कार्पेट आणि आत सुगंधी स्प्रेचा भपका असेल तर जास्त शोधा. त्या वर्षीची इन्शुरन्स पॉलिसी आणि क्लेमची माहिती मागा. पुरात बुडालेली कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनवाली डिझेल) गाडी पहिलं वर्ष चालते पण नंतर सेन्सर आणि वायरिंग एकेक करून असं काय छळतं की मालक रडकुंडीला येतो.

आता बोनेट. आदल्या रात्री फोन करून सांगा की सकाळी मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही, आणि पोचल्यावर आधी बोनेटखाली हात लावून इंजिन खरंच थंड आहे का बघा. गरम असेल तर चहा प्या, थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी या. थंड डिझेल इंजिन खोटं बोलत नाही. चावी फिरवली, हीटरचा दिवा विझला, मग स्टार्टर, सेकंद-दोन सेकंदांत उचललं पाहिजे. आपल्याकडे थंडी अशी नसतेच, त्यामुळे कोकणातसुद्धा सकाळी खूप वेळ स्टार्टर मारावा लागत असेल तर कॉम्प्रेशन किंवा इंजेक्टर किंवा डिझेल लाइनमध्ये हवा, यातलं काहीतरी आहे. सुरुवातीला थोडा पांढरट धूर येऊन मिनिटभरात गेला तर हरकत नाही, इंजिन गरम झाल्यावरही पांढराच येत राहिला आणि पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडे संशय जातो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगांतून, वाल्व्ह सीलमधून किंवा टर्बोतून. रेस दिल्यावर काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, एअर फिल्टर चोंदलेला असू शकतो, इंटरकूलरचा होज फाटलेला असू शकतो, स्वस्तातलंही असू शकतं, म्हणून काळ्या धुराला लगेच घाबरू नका पण कारण शोधल्याशिवाय सोडूही नका.

इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडून तिथेच उलटं ठेवा. थोडं थरथरेल, ते चालतं. फेकल्यासारखं उडत असेल आणि भोकातून इंजिनच्या ठेक्यावर भकाभका धूर येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे इंजिन बांधायच्या वाटेवर आहे. डिपस्टिकवरचं ऑइल काळं असणारच, डिझेलचं ऑइल बदलल्यावर लगेचच काळं होतं, ते चिकट दुधाळ नाही ना तेवढं बघा. कूलंटची टाकी थंड असतानाच उघडा, गरम असताना कधीच नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी ओतत राहतात, उघडलं की गंजाचं लालसर पाणी निघतं, म्हणजे रेडिएटर आणि वॉटर पंप दोघांकडेही लक्ष द्यावं लागणार. थंड इंजिन चालू केल्यावर एक-दोन मिनिटांतच रेडिएटरचा वरचा होज दगडासारखा टणक झाला तर कॉम्प्रेशन पाण्यात जातंय.

इंजिन बंद ठेवून टर्बोचा एअर फिल्टरकडचा होज काढून शाफ्टला बोट लावून हलवा. आडवं किंचित हलणं ठीक, आत-बाहेर हलता कामा नये. होजमध्ये ऑइलचा हलका ओलावा असतोच, पण ऑइल साचलेलं नको.

दोन्ही गाड्या कॉमन रेल आहेत, म्हणून इंजेक्टरवर जरा थांबा. रिटर्न टेस्ट, म्हणजे इंजेक्टरमधून न वापरता परत जाणारं डिझेल मोजायची टेस्ट, करून घ्या, कुठलाही चांगला डिझेलवाला करतो, चारही इंजेक्टरचा रिटर्न चार बाटल्यांत घ्यायचा, गाडी थोडा वेळ आयडलवर ठेवायची आणि बाटल्या शेजारी शेजारी धरायच्या. चारही सारख्या भरल्या तर उत्तम, एखादी दुपटीने भरली तर तो इंजेक्टर झिजलाय, आणि नव्याची किंमत पाच आकडी असते. डिझेल फिल्टरच्या खालचा ड्रेन सोडून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढा, पाच मिनिटं ठेवून द्या, तळाला पाणी बसतंय का बघा. बंदराच्या गावांत ड्रममधलं डिझेल घालायची सवय असते आणि पाणी गेलेलं डिझेल पंप आणि इंजेक्टर दोघांनाही खाऊन टाकतं. स्कॅनरही लावा, पण बिघाडाचे कोड आदल्या दिवशी पुसलेले असू शकतात, म्हणून तासभर चालवून आल्यावर परत लावा. तुमच्या दोन गाड्यांत नाही, पण कोणी २०२० नंतरची बीएस सिक्स बघत असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) किती भरलाय ते स्कॅनरवर बघितल्याशिवाय घेऊ नका, गावातल्या गावात पाच-पाच किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचा तो लवकर चोंदतो. आणि जुन्या तीन लिटर फॉर्च्युनरला टायमिंग बेल्ट आहे, दीड लाख किलोमीटरच्या आसपास बदलल्याचं बिल मागा.

फोर बाय फोर. ज्यासाठी आपण जास्तीचे पैसे मोजतोय तेच बहुतेक लोक तपासत नाहीत, डॅशवर दिवा लागला की समाधान. दिवा लागतो म्हणजे लिव्हर किंवा मोटर फिरली एवढंच, पुढची चाकं ओढतायत असं नाही. सोपी टेस्ट सांगतो. सपाट जागेवर गाडी उभी करा, मागच्या चाकांना दगड लावा, हॅन्डब्रेक ओढा, आधी थोडं पुढे-मागे करून फोर हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग) लावून घ्या आणि इंजिन बंद करा. मग पुढचं एकच चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवून बघा. फोर व्हील खरंच लागलं असेल तर ते फिरणार नाही, थोडं खडखडून अडकेल. आरामात गोल फिरत राहिलं तर ट्रान्सफर केसपासून (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा) हबपर्यंत कुठेतरी तुटलंय किंवा हब लॉक होत नाहीये. टू व्हीलमध्ये टाकून परत बघा, आता फिरलं पाहिजे. हब हाताने फिरवायचे आहेत, वॅक्यूमने लागणारे आहेत की कायमचे जोडलेले, हे आधी विचारून घ्या आणि त्याप्रमाणे टेस्ट करा. ही टेस्ट अशा पार्टटाइम गाड्यांसाठी आहे, फुलटाइम फोर व्हीलला मध्ये डिफ्रेन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) असतं, तिथे वेगळं.

मग कच्च्या चढावर न्या. फोर लो (चारही चाकं, कमी वेग जास्त ओढ) लावून पहिल्या गिअरमध्ये हळू चढवा, लो लागताना थोडा कटकट आवाज होईल, पण लोडवर गिअर बाहेर उडी मारत असेल तर ट्रान्सफर केस खोलायला लागणार. स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना पुढून टिकटिक आली तर अ‍ॅक्सलचे जॉइंट, रबरी बूट फाटून वाळू गेलेली असते. आणि कृपा करून कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून वळणं घेत टेस्ट करू नका, पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मध्ये सुटायला जागा नसते, सगळा ताण गिअर आणि क्रॉसवर येतो. स्कॉर्पिओला हे स्विचवर आहे, मोटरने लागतं, वर्षानुवर्षं वापरलेलं नसेल तर मोटर अडकून बसते. स्विच फिरवल्यावर दिवा लुकलुकत राहिला तर ते खर्चाचं काम समजा.

पुढच्या आणि मागच्या डिफ्रेन्शियलचा भरायचा बोल्ट पान्याने सोडून आत करंगळी घाला. ऑइल तपकिरी, पारदर्शक असेल तर ठीक. कॉफीत दूध घातल्यासारखं निघालं तर गाडी खाडीत किंवा वहाळात खोल उतरलेली आहे आणि ब्रीदरमधून (हवा जायच्या नळीतून) पाणी आत गेलंय, मग बेअरिंग आणि क्राउन-पिनियन कधी आवाज करायला लागतील सांगता येत नाही. ट्रान्सफर केसचंही असंच बघा. दोन मिनिटांचं काम आहे आणि गाडी आधी कशी वापरली गेली हे यातून जेवढं कळतं तेवढं मालकाशी तासभर बोलून कळत नाही.

चारही टायर एकाच साइजचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत, फोर व्हीलला हे महत्त्वाचं आहे. टायरवरचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. उंच केलेली, मोठे टायर आणि जाडजूड बंपर लावलेली गाडी तरुणांना आवडते पण तिचे बॉल जॉइंट, क्रॉस आणि व्हील बेअरिंग लवकर जातात. शिवाय कंपनीने दिलेल्यापेक्षा बदल केलेल्या गाडीला आरटीओत अडचण येते, २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानेही असे बदल चालणार नाहीत असं सांगितलंय. थार २०१५ च्या फेसलिफ्टपासून मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफ्रेन्शियल (दोन्ही मागची चाकं एकत्र फिरवणारं) घेऊन आली, तुमची २०१४ ची आहे, त्यामुळे "लॉकर आहे" असं कोणी सांगितलं तर कुठून बसवलंय ते विचारा.

कागदांचं थोडक्यात. चेसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर प्रत्यक्ष वाचा, आरसीशी जुळवा, खोडलेला किंवा परत ठोकल्यासारखा वाटला तर लांब राहा. आरसीवर मॉडेल फोर व्हील ड्राइव्हचंच आहे ना बघा, टू व्हील ड्राइव्हला नंतर सामान आणून फोर बाय फोर केलेल्या गाड्या फिरतात. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो, इन्शुरन्सही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला टाका. ई-चलन बाकी आहेत का ऑनलाइन बघा. २०१२ च्या स्कॉर्पिओला २०२७ मध्ये पंधरा वर्षं होतात, तेव्हा आरटीओत गाडी दाखवून पाच वर्षांसाठी रिन्यू करायला लागेल आणि पर्यावरण कर भरायला लागेल, तो खर्च आत्ताच धरा. दिल्लीहून स्वस्तात आलेली डिझेल कोणी दाखवली तर, तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेलला बंदी आल्यावर अशा गाड्या बाहेर विकल्या गेल्या, गाडी चांगलीही असू शकते, पण एनओसी आणि महाराष्ट्राचा टॅक्स धरून हिशेब करा.

दोघीत कुठली? शॅकलचे ब्रॅकेट आणि टाकीवरचा मेंबर खणखणीत निघाले तर थार घ्या, बागेच्या वाटेला ती लहान आहे, लिव्हरवालं फोर व्हील आहे, दुरुस्ती आपल्या गावात होते आणि अडीच लिटर इंजिन कमी आरपीएमला चांगलं ओढतं. त्या ठिकाणी जरा जरी शंका आली तर कोल्हापूरची स्कॉर्पिओ, किनाऱ्यापासून लांब राहिलेल्या गाडीची चेसी आपल्या गाड्यांपेक्षा बरी असायची शक्यता खूप जास्त, फक्त पुराचं आणि ट्रान्सफर मोटरचं नीट बघा. किंमत ठरवताना पन्नास-साठ हजार बाजूला ठेवूनच ठरवा, गाडी घरी आली की सगळी ऑइलं, सगळे फिल्टर, कूलंट आणि ब्रेक पाइप आधी करायचे. नंतर समुद्राकडे गेलात की गोड्या पाण्याने खालून धुवायची सवय लावा आणि महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर फोर व्हील लावून थोडं चालवा, म्हणजे जाम होणार नाही.

मालवणला जाल तेव्हा दोन्ही बाजूंचे मागचे शॅकल ब्रॅकेट, टाकीवरचा मेंबर आणि सीटबेल्टचं टोक, एवढ्याचे फोटो टॉर्च लावून जवळून काढा आणि इथे टाका, टोकन द्यायच्या आधी टाका, मी बघून सांगतो.